एकरकमी पैसे घेऊ नका, असे आम्ही का सांगितले: आपल्या अभिप्रायाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपल्या थोरल्या बंधूंच्या ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) प्रकरणाबद्दल आपण आमच्या परळच्या वकिली कार्यालयाला एक तारा देऊन जो अभिप्राय लिहिला आहे, तो आम्ही पूर्ण वाचला. पॉवर प्रेसमध्ये सापडलेल्या मधल्या बोटासाठी ईएसआयच्या मेडिकल बोर्डाने कमाईच्या क्षमतेतील घट अवघी १ टक्का ठरवली, त्याबद्दल एकरकमी पैसे मिळत होते आणि ते आम्ही घेऊ दिले नाहीत, हा आपला मुख्य आक्षेप आहे. सरकारी रुग्णालयाचा दिव्यांगत्वाचा दाखला आम्ही पुढे रेटला नाही, कारखान्याच्या मालकावर भरपाईचा दावा लावला नाही आणि फी मात्र निकालाआधीच मागितली, अशाही तक्रारी आपण नोंदवल्या आहेत.

प्रथम एक मर्यादा सांगणे भाग आहे. आमचे अशील आपले बंधू आहेत, आपण नाही. त्यांनी आम्हाला काय सांगितले आणि आम्ही त्यांना कोणते कागद दाखवले, हे त्यांच्या संमतीशिवाय जाहीरपणे तर नाहीच, पण सख्ख्या भावालाही सांगण्याची मुभा वकिलाला नसते. म्हणून आपण स्वतः उघड केलेल्या गोष्टी आणि सर्वांसाठी सारखाच असलेला कायदा, एवढ्यावरच हे उत्तर बेतले आहे. येथे सांगितलेली कलमे १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याची आहेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली असली, तरी आपण दिलेल्या तारखांप्रमाणे अपघात आणि बोर्डाचा निर्णय या दोन्ही गोष्टी त्याआधीच्या आहेत.

आता मुख्य मुद्दा. कायमच्या अपंगत्वाचा लाभ हा ईएसआयमध्ये आयुष्यभर मिळणारा लाभ आहे आणि त्याचा दर कमाईची क्षमता किती टक्के घटली यावर ठरतो. ही टक्केवारी अगदी लहान आली आणि रोजचा दर नियमांतील मर्यादेच्या आत राहिला, तर तो हक्क कायमचा सोडून त्याचे एकरकमी मूल्य घेण्याची सोय आहे. ती सोय आकर्षक वाटते हे आम्हाला ठाऊक आहे. घरात कमावता माणूस बसून असताना आणि जून महिन्यात मुलांच्या शाळेचा खर्च उभा असताना समोर आलेला धनादेश नाकारणे सोपे नसते, आणि "सही करा, मोकळे व्हा" असे सांगणारे शहाणे अशा वेळी आजूबाजूला पुष्कळ असतात. मात्र याच कायद्याच्या कलम ५४अ मध्ये एक परंतुक, म्हणजे अपवादाची अट, आहे, ते या शहाण्यांना बहुधा माहीत नसते. बोर्डाच्या निर्णयाच्या आधारे कामगाराने एकरकमी रूपांतरासाठी अर्ज केला आणि ती रक्कम स्वीकारली, तर त्याला त्या निर्णयाविरुद्ध अपील करता येत नाही. म्हणजे ती रक्कम उचलणे आणि १ टक्का अपुरा आहे म्हणून भांडणे, या दोन गोष्टी एकत्र होऊ शकत नाहीत.

यात पणाला काय लागले आहे, ते एका हिशोबाने दाखवतो. हे आकडे आपल्या बंधूंचे नाहीत, समजावण्यापुरते घेतले आहेत. एखाद्या कामगाराची सरासरी रोजंदारी ७०० रुपये असेल, तर पूर्ण दर तिच्या ९० टक्के, म्हणजे ६३० रुपये होतो. १ टक्क्याने रोजचे ६ रुपये ३० पैसे, म्हणजे तीस दिवसांचे १८९ रुपये मिळतात. एवढ्या रोजात आज मुंबईत कटिंग चहाही येत नाही. आता कायद्याची दुसरी अनुसूची पाहावी. मधले बोट पूर्ण गमावल्यास १२ टक्के, दोन पेरे गेल्यास ९ टक्के आणि एक पेर गेल्यास ७ टक्के, असे तीत स्पष्ट लिहिले आहे. १२ टक्क्यांनी हाच रोज ७५ रुपये ६० पैसे आणि तीस दिवसांचे २,२६८ रुपये होतात, तेही हयातभर.

बोट तुटलेले नाही, मग ही अनुसूची लागू कशी होईल, असे आपल्याला एका ओळखीच्या माणसाने विचारल्याचे आपण लिहिले आहे. प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर त्याच अनुसूचीच्या टिपेत आहे. एखाद्या अवयवाचा वापर पूर्णपणे आणि कायमचा गेला असेल, तर तो अवयवच गेला असे मानावे, असे ती टीप सांगते. जागेवर असलेले पण न वाकणारे, पकडीत न येणारे आणि पत्रा धरताना मध्येच आडवे येणारे बोट कामगाराच्या दृष्टीने असून नसल्यासारखेच असते. बोर्डापुढे तपासणी होते तेव्हा बहुतेक कामगार हात पुढे करून उभे राहतात आणि विचारले तेवढेच बोलतात. त्या हाताने पूर्वी कोणते काम होत असे आणि आता कोणते होत नाही, याची नोंद कागदावर येतच नाही. बोट किती अंशात वाकते याची मोजणी, पकडीच्या जोराची चाचणी, क्ष-किरण चित्रे आणि प्रत्यक्ष कामाचे वर्णन अशा पुराव्यांवर असे अपील उभे राहते. ते जमवायला वेळ लागतो आणि अपिलाची मुदत निर्णय कळल्यापासून केवळ ३ महिन्यांची असते, त्यामुळे आपण ज्याला "विनाकारण धावपळ" म्हटले आहे, ती टाळण्यासारखी नव्हती.

वापर पूर्ण गेला की अंशतः, हाच वादाचा मुद्दा आहे. तो न्यायालय कसा ठरवेल याची हमी आम्ही कोणालाही देत नाही, आणि जो वकील देतो त्याच्यापासून सावध राहावे. शिवाय बोर्डाचा निर्णय पटला नाही तर ईएसआय चालवणाऱ्या महामंडळालाही अपील करता येते, त्यामुळे ही वाट एकतर्फी नाही. सल्ला देणे आमचे काम होते, निर्णय अशिलाचा होता. तरीही पुन्हा तसाच प्रसंग आला, तर आम्ही तोच सल्ला देऊ. दरम्यान १ टक्क्याची मासिक रक्कम खात्यात जमा होत आहे, असे आपणच अभिप्रायात म्हटले आहे. ती अल्प आहे, पण अपिलामुळे बुडालेली नाही.

दाखल्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण हा गैरसमज आमच्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक कुटुंबात असतो. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ खालील दाखला शरीराची किंवा अवयवाची हानी मोजतो आणि त्यावर सवलती व आरक्षण अवलंबून असते. ईएसआयचे बोर्ड कमाईच्या क्षमतेतील घट मोजते. दोन्हीकडे टक्केच लिहितात, म्हणून आकडे परस्परांना लागू पडतात असे वाटते. प्रत्यक्षात एका कायद्याची टक्केवारी दुसऱ्या कायद्याला बांधून ठेवत नाही. दाखला पूरक पुरावा म्हणून जोडता येतो, पण त्यावरच सगळी भिस्त ठेवली तर अपील पहिल्याच प्रश्नाला अडखळते.

मालकावरील दाव्याचे उत्तर त्याहून सरळ आहे. विमाधारक कामगाराला कामावरील दुखापतीबद्दल कर्मचारी भरपाई कायद्याखाली किंवा अन्य कायद्याखाली मालकाकडून भरपाई घेण्यास कलम ५३ मनाई करते, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये ही मनाई उचलून धरली आहे. असा दावा आम्ही दाखल केला असता, तर त्याचा खर्च मात्र आपल्यावर पडला असता.

राहिली फी. आपल्या वस्तीतील एक सल्लागार "जिंकलात तरच टक्का द्या" म्हणतो आणि आम्ही आधी फी घेतो, ही तुलना आपण केली आहे. वकिलाने निकालावर अवलंबून फी ठरवू नये आणि मिळणाऱ्या रकमेत वाटा मागू नये, असा वकिलांची नियामक संस्था असलेल्या बार कौन्सिलचा नियम आहे; त्या सल्लागाराकडे वकिलीची सनद नसेल, तर त्याला हा नियम अडवत नाही एवढेच. मात्र ईएसआयच्या लाभाचा हक्क कोणाच्याही नावे करून देता येत नाही, असे कलम ६० सांगते. त्यामुळे त्याने कोणत्याही कागदावर टक्क्यासाठी सही मागितली, तर ती करू नये. फी परवडत नसेल, तर विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे औद्योगिक कामगाराला आणि दिव्यांग व्यक्तीला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. कामगाराने लेखी अधिकार दिल्यास नोंदणीकृत कामगार संघटनेचा पदाधिकारीही ईएसआय न्यायालयात त्याच्या वतीने उभा राहू शकतो. ही माहिती आमच्या कार्यालयात दारालगत मराठीत लावलेली आहे.

आपला आमच्यावर विश्वास उरला नसेल, तर तो प्रश्न आपल्या बंधूंनी ठरवायचा आहे. त्यांनी स्वतः यावे, किंवा त्यांच्या सहीचे पत्र घेऊन आपण यावे. संपूर्ण फाइल, मूळ वैद्यकीय कागदपत्रांसह, त्याच दिवशी हाती दिली जाईल आणि वकील बदलण्यासाठी लागणारे ना-हरकत पत्रही मिळेल. फीची काही बाकी आहे म्हणून फाइल अडवून ठेवण्याचा अधिकार वकिलाला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली स्पष्ट केले आहे. कार्यालय सोमवार ते शनिवार उघडे असते. सुनावणीच्या दिवशी आम्ही दुपारनंतरच भेटतो, म्हणून येण्यापूर्वी एक फोन करावा.

आपला,
कार्यालयप्रमुख