‘पेणकर’ म्हणजे पेणचा कर घेणारा नव्हे

गणपतीला आलेली मंडळी मुंबईला परत गेली की आमच्या वाडीच्या ग्रुपवर ज्ञानाला भरती येते. यंदा ‘आडनावांचा दडवलेला इतिहास’ आला. तिकडून तात्यांनी टाकला, इकडे तिघांनी पुढे ढकलला, आणि संध्याकाळी अलिबागेच्या एस.टी. स्टँडवर एका अनोळखी माणसाने तोच मला वाचून दाखवला. त्यातले दावे थोडक्यात असे. एक, आडनावातला ‘कर’ म्हणजे सारा, ज्यांचे पूर्वज ज्या गावचा कर गोळा करत ते त्या गावचे ‘कर’. दोन, त्याआधी आपल्याला आडनावेच नव्हती, ती इंग्रजांनी १८८१ च्या जनगणनेत चिकटवली. तीन, एक आडनाव म्हणजे एक रक्त. चार, शेलार, मोरे, कदम हे थेट राजवंशातले. आणि शेपटीला, ज्यांच्या आडनावात ‘कर’ नाही ते कोकणात बाहेरून आलेले.

तात्यांना मान देऊन सांगतो, यातले एकही विधान जसेच्या तसे टिकत नाही.

‘कर’पासून सुरुवात करू, कारण लोकांना तेच सर्वांत पटले आहे. सरकारला भरायचा कर हा एक शब्द. गावाच्या नावाला लागतो तो ‘कर’ हा प्रत्यय, तो लागला की तिथला माणूस तयार होतो. पावसात लोकल बंद पडल्या की वर्तमानपत्रे ‘मुंबईकरांचे हाल’ असा मथळा देतात, ते काय सव्वा कोटी वसुली कारकुनांचे हाल असतात? या प्रत्ययाला बाईचे रूपही आहे: पेणकरीण, मालवणकरीण. घरपट्टीला कोणी ‘करीण’ म्हटलेले मी तरी ऐकलेले नाही.

आणि वसुलीसाठी कोकणात शब्दांची काय ददात होती? सारा, धारा, पट्टी, जकात. गंमत म्हणजे ‘धारेकरी’ हा शब्द होता, पण तो सरकारात धारा भरणारा, घेणारा नव्हे. घेणारा खोत. खोती १९४९ च्या कायद्याने गेली, आडनाव मागे राहिले. वसुली आणि हिशेबाच्या कामाची आडनावे हवी असतील तर ही घ्या: खोत, देशमुख, देसाई, कुलकर्णी, नाडकर्णी, पोतदार, मुकादम. यातल्या एकाच्या तरी शेवटी ‘कर’ आहे का पाहा.

खरी मेख वेगळीच आहे. पेणेत राहणाऱ्याला पेणकर म्हणून उपयोग काय? तिथे सगळेच पेणकर. ही ओळख लागते ती गाव सोडल्यावर, आणि ती लावतात दुसऱ्या गावचे लोक. लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर यांचेच पाहा. जन्म बडोद्याचा, वकिली अहमदाबादेत, आणि आडनाव संगमेश्वराकडच्या मावळंगे गावाचे. (मावळाशी त्याचा काही संबंध नाही, तो आणखी एक लोकप्रिय घोटाळा.) अहमदाबादेत बसून मावळंग्याचा सारा कोण गोळा करणार?

त्याहून मोठा पुरावा माझ्या घरापासून सायकलच्या अंतरावर आहे. आपले जहाज नवगावच्या किनाऱ्याजवळ फुटले आणि वाचलेली माणसे इथेच राहिली, असे बेने इस्रायली या कोकणातल्या ज्यू समाजाची परंपरा सांगते. ही माणसे तेलाचे घाणे चालवत. शनिवारी काम बंद, म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले. त्यांची आडनावे? नवगावकर, केहिमकर, झिराडकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर. नाव जुन्या करारातले आणि आडनाव किहीमचे, असा हा मेळ. फॉरवर्ड खरा मानला तर हे तेली घाण्याचा बैल सोडून सहा दिवस गावोगाव पट्टी मागत फिरत होते, असे म्हणावे लागेल.

आता इंग्रज. मुरारबाजी देशपांडे महाडचे, १६६५ मध्ये पुरंदर लढवताना पडले. तानाजी मालुसरे पोलादपूरजवळच्या उमरठचे, सिंहगड १६७० चा. कान्होजी आंग्रे १७२९ मध्ये वारले, समाधी इथे अलिबागेतच आहे. यांची आडनावे लिहून घ्यायला १८८१ चा खानेसुमारीवाला मागे जाऊन आला होता काय? आमच्या शेजारच्या आक्षी गावात तर शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२ असा वाचला जाणारा मराठी शिलालेख आहे. त्याच्या वाचनाबद्दल आणि काळाबद्दल अभ्यासकांत वाद आहेत, ते असोत. त्यात केसीदेवराय या राजाच्या महाप्रधानाचे नाव ‘भइर्जु सेणुई’ असे येते. सेणुई म्हणजे पुढे शेणवी. हे आजच्या अर्थाने आडनाव होते असे मी म्हणणार नाही, पण नुसत्या नावाने भागत नव्हते आणि मागे ओळखीचा शब्द लागत होता, एवढे दगडावर दिसते.

या दाव्यात एक कण खरा आहे, तो नाकारू नये. शाळेचा दाखला, पलटणीची हजेरी, गिरणीचा पगारपट आल्यावर आडनाव गोठले. तोवर ते पातळ होते, हवे तसे वळत होते. शब्दच पाहा की: आडवाट, आडगाव, आडनाव. मुख्य रस्त्याच्या बाजूचे ते ‘आड’.

आता रक्ताकडे, कारण मला खरे बोलायचे आहे ते इथे. आंग्रे घराण्याचे मूळ आडनाव संकपाळ, आणि अंगारवाडी या गावावरून ते आंग्रे झाले, असे इतिहासात सांगितले जाते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या घराण्याचे मूळ आडनाव सकपाळ, गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे, आणि त्या गावावरून आंबडवेकर. एक घराणे सरखेलांचे, म्हणजे आरमारप्रमुखांचे, दुसरे गावकुसाबाहेर ठेवलेले. जुने आडनाव जवळजवळ एकच, आणि दोघांनी ते टाकून गावाचे घेतले. आता सांगा, ‘एक आडनाव, एक रक्त’ हे कोणाकोणाला पचणार आहे? ग्रुपवर मी हे लिहिले तेव्हा अर्धा तास कोणी काही टाकले नाही.

आडनाव एका पिढीतही बदलते. बाळाजी आवजी हे चित्रे. वडील जंजिऱ्याच्या सिद्दीकडे चाकरीला होते, सिद्दीने त्यांना मारले आणि मुलगा राजापुरात वाढला. शिवाजी महाराजांच्या पदरी तो चिठ्ठ्या लिहू लागला आणि पुढच्या पिढ्या चिटणीस झाल्या. त्यातला ‘नीस’ फारसी ‘नवीस’मधून आला, म्हणजे लिहिणारा. फडणीस, सबनीस, पोतनीस, पारसनीस हे सगळे त्याच घरचे. श्रीवर्धनचे भट १७१३ मध्ये पेशवाई मिळाल्यावर पेशवे झाले. दळवी म्हणाल तर ते दळावरून, आणि ते मराठ्यांत आहेत तसे कोकणी मुसलमानांतही आहेत. वसईच्या पट्ट्यात बाप्तिस्म्याबरोबर परेरा आणि लोपीस आले, म्हणून कोणी पोर्तुगालहून उतरले नव्हते.

राजवंशांवर फार वेळ घालवत नाही. शेलार हा शब्द शिलाहारांशी, मोरे हा मौर्यांशी आणि कदम हा कदंबांशी जुळतो. उत्तर कोकणात शिलाहार होते, त्यांच्याआधी इथे मौर्य नावाचे घराणे होते, आणि पुलकेशीने त्यांना हरवल्याचे ६३४ च्या ऐहोळे शिलालेखात कोरले आहे. पण शब्द जुळला की वंश जुळला, हे कुठल्या न्यायाने? राजाच्या पदरचे, त्याच्या मुलखातले, त्याच्या नावाचा आसरा घेणारेही तेच नाव लावत. नाहीतर प्रत्येक सावंत हा कुठल्या तरी ‘सामंता’चा सख्खा वारस ठरेल आणि सिंधुदुर्गात प्रजाच उरणार नाही.

राहता राहिली ती शेपटी, ‘कर’ नाही तो उपरा. घाडी आणि गुरव यांच्याशिवाय तळकोकणातल्या देवळाचे पान हलत नाही. किनाऱ्यावर नाखवा आहे, तो फारसी ‘नाखुदा’, नावेचा धनी. सारंग आहे, तो ‘सरहंग’वरून. तांडेल आहे, म्हणजे होडीवरचा म्होरक्या. शब्द वाऱ्याबरोबर आले असतील, माणसे इथलीच आहेत. पटत नसेल तर तात्यांनी पहाटे थळच्या किनाऱ्यावर जावे, होड्या लागत असताना एखाद्या तांडेलाला गाठावे आणि त्याला सांगावे की बाबा, तू बाहेरचा. मी लांब, नारळीखाली उभा राहीन.