शाकारलेल्या बोटीला झरोके कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. पावसाळ्यासाठी ताडपत्रीने शाकारून ठेवलेल्या बोटीला हवा खेळायला झरोके ठेवा, या माझ्या सल्ल्यावर तुमचा आक्षेप थोडक्यात असा: मुंबईच्या पावसाळ्यात बाहेरची हवाच ८५-९० टक्के आर्द्र, मग शाकारलेल्या बोटीला झरोके ठेवणं म्हणजे ओलाव्याला आवतण. त्यापेक्षा ताडपत्री चहूबाजूंनी घट्ट आवळा, आत ओलावा शोषणाऱ्या कॅल्शियम क्लोराइडच्या पिशव्या टांगा. शिवाय फायबर काही कुजत नाही.

आर्द्रतेचा आकडा मान्य. पण हिशेब पुढे न्या. ३० अंश सेल्सिअसला एका घनमीटर हवेत फार तर ३० ग्रॅम बाष्प मावतं. हवा ८५ टक्के आर्द्र असली, तरी साडेचार ग्रॅमची जागा उरते. ताडपत्रीखाली सहा घनमीटर हवा कोंडलीत, तर ती सगळी मिळून २७ ग्रॅम पाणी पिईल आणि थांबेल. तळाशी राहिलेलं लिटरभर पाणी, ओले दोर, लाइफ जॅकेटं यांचं काय? तेच काम वाहत्या हवेला द्या. सव्वादोनशे घनमीटर हवा आतून गेली की लिटर संपलं. प्रत्यक्षात हवा काठोकाठ भरून बाहेर पडत नाही, म्हणून चौपट धरा. वर्सोव्याच्या किनाऱ्यावरच्या जूनमधल्या वाऱ्याला तेही जड नाही.

रात्री तर घट्ट बांधलेल्या बोटीची आणखी पंचाईत. आतली ओलीगच्च हवा ३० वरून २५ अंशांवर आली, की दर घनमीटरमागे सातेक ग्रॅम पाणी सुटतं आणि ताडपत्रीच्या आतल्या अंगाने ठिबकत राहतं. ओली छत्री प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून ठेवल्यासारखंच हे.

पिशव्यांबद्दल: ताडपत्री कितीही आवळली तरी हवाबंद होत नाही. मग ते रसायन अख्ख्या अरबी समुद्राची हवा सुकवत बसतं, स्वतः विरघळतं आणि सांडलं की अल्युमिनियम खातं. त्यापेक्षा बोटीवर सुकून राहिलेल्या समुद्राच्या मिठाकडे बघा. हवा ७५ टक्क्यांच्या वर आर्द्र झाली की मीठ स्वतःच पाणी ओढतं. बोट गोड्या पाण्याने धुणं हे झरोक्यांच्याही आधीचं काम.

फायबर कुजत नाही, खरंय. पण इंजिन टांगतात त्या मागच्या भिंतीत बऱ्याच बोटींना प्लायवूड असतं. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या वर टिकून राहिला की कुजवणाऱ्या बुरशीला रान मोकळं.

हां, शेडमध्ये ठेवलेली, केबिनची दारं-झडपा नीट मिटणारी बोट असेल आणि हवेतला ओलावा काढणारा, विजेवर चालणारा डीह्युमिडिफायर लावणार असाल, तर बंदच ठेवा. तिथे तुमचं बरोबर. उघड्या होडीला ते लागू नाही.

झरोक्यातून पाऊस आत येईल ही भीती रास्त. वारा नैऋत्येचा, म्हणून त्या बाजूचा झरोका खाली, काठालगत ठेवा आणि वरून ताडपत्रीची झालर सोडा. दुसरा विरुद्ध टोकाला, बांबूच्या आढ्याजवळ उंच. पुढची बाजू थोडी उचलून तळातलं पाणी वाहून जाण्यासाठीचं मागचं बूच काढून ठेवा. आणि पेट्रोलची टाकी बोटीत ठेवूच नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, तळाशी साचते आणि उंचावरच्या झरोक्यापर्यंत पोचतच नाही.