हिऱ्याची अंगठी घेताना डोकं चपलांपाशी काढून ठेवावं

घरात मुलाचं लग्न ठरलंय? अभिनंदन. हॉल, केटरर, मेंदीवाली राहू दे, आधी हिऱ्याची अंगठी बघायला निघा. एकेकाळी साखरपुड्याला खरोखरच साखरेचा पुडा द्यायचे आणि तेवढ्यावर सोयरीक पक्की व्हायची. अडाणी होते ते लोक.

होणाऱ्या सुनेला काही म्हणजे काही विचारू नका. सरप्राइज असतं ते. आमची सून दातांची डॉक्टर आहे, दिवसाला वीस वेळा हातमोजे चढवते-उतरवते. उंच कोंदणातल्या खड्याने हातमोजा फाटतो, ही क्षुल्लक माहिती आम्हाला साखरपुड्यानंतर मिळाली. अंगठीचं माप मात्र तिच्या बहिणीकडून चोरून आणलं होतं हो!

दुकानात जाताना काकू, आत्या, मावशी सगळ्यांना न्या. बजेट त्याच वाढवतात.

एसी, मऊ खुर्ची आणि कॉफी मिळाली की मान डोलवायला सुरुवात करा. समोरचा मुलगा चिमट्यात खडा धरून चार ‘सी’ शिकवेल. कॅरेट म्हणजे वजन, कट म्हणजे पैलू, कलर म्हणजे रंग, क्लॅरिटी म्हणजे निर्दोषपणा. रंगाची प्रतवारी डीपासून झेडपर्यंत, डी सगळ्यात पांढराशुभ्र. आम्ही हट्टाने ई घेतला आणि पिवळ्या सोन्यात बसवला, म्हणजे त्या शुभ्रतेचे जे जादा पैसे मोजले ते सोन्याच्या झाकेत बुडाले. क्लॅरिटी व्हीव्हीएस. त्यातला दोष दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातूनही जाणकाराला मुश्किलीने दिसतो. पाहुणे साखरपुड्याला भिंग घेऊनच येतात, त्यामुळे हे हवंच. हिरा चमकतो तो मुख्यतः कटमुळे, तेव्हा कटबद्दल अवाक्षर काढू नका. आणि खडा दाराशी नेऊन उजेडात बघायची तर भाषाच नको. दुकानातले दिवे एवढा खर्च करून कशाला लावलेत?

‘बेल्जियमचा माल आहे काकू’ असं तो म्हणाला की भारावून जा. जगातल्या दहांतल्या नऊ हिऱ्यांना सुरतेत पैलू पडतात, हे मध्येच बोलून त्याचा विरस करू नका.

लॅबमध्ये वाढवलेल्या हिऱ्याचं नाव काढलंत तर तो ‘ती काचच हो’ म्हणेल. मान्य करा. तोही कार्बनच, कडकपणाही तोच, साध्या डोळ्यांना फरक कळत नाही, वगैरे वगैरे. २०२३ मध्ये पंतप्रधानांनी साडेसात कॅरेटचा तसलाच हिरा तेव्हाच्या अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी जिल बायडन यांना भेट दिला. व्हाइट हाउसला चालला असेल, आपल्या आत्याबाईंना चालत नाही.

सर्टिफिकेटवरचा नंबर अनेकदा हिऱ्याच्या कडेवर लेसरने कोरलेला असतो. तो जुळवून बघू नका, उगाच अविश्वास दिसतो.

आता बिल. ते वाचू नका. मी तीस वर्षं बँकेत काढली, शंभराच्या बंडलात नव्व्याण्णव नोटा असल्या तर बोटांना कळायचं. मीही वाचलं नाही. वाचलं ते बावीस दिवसांनी, उंच कोंदण बदलून बसकी अंगठी घ्यायला परत गेले तेव्हा. खरेदीच्या दिवशी: सोनं ३.१० ग्रॅम, ८,००० च्या भावाने २४,८००. अर्ध्या कॅरेटचा हिरा १,२०,०००. सोन्याच्या वजनावर मजुरी ६,२००. वर तीन टक्के जीएसटी. एकूण १,५५,५३०. परत देताना त्याच काट्यावर, त्याच भावाने सोनं भरलं ३.०० ग्रॅम! म्हटलं, बाकीचं काय झालं, सुनेने खाल्लं? तर म्हणे, ‘काकू, खड्याचं वजन वजा केलं.’ अर्धा कॅरेट म्हणजे ०.१० ग्रॅम. म्हणजे घेताना माझ्याकडून हिऱ्याचे हिऱ्याच्या भावाने पैसे घेतलेच, वर तोच हिरा सोन्याच्या भावानेही मोजला. त्याच्यावर मजुरीही लावली! मग दोन टक्के घट. मजुरी शून्य, जीएसटी शून्य. आणि हिऱ्याचे ऐंशी टक्के. ‘शंभर टक्के एक्स्चेंज म्हणाला होतात ना?’ ‘ते दुप्पट किमतीची घेतली तर. शिवाय सध्या हिऱ्याचं मार्केट डाउन आहे.’ बावीस दिवसांपूर्वी याच तोंडाने हा हिऱ्याला ‘इन्व्हेस्टमेंट’ म्हणत होता! हातात टेकवायला निघाले १,१९,५२०. गेले ३६,०१०. हिरा कायमचा असतो ही जाहिरात १९४७ ची, डी बिअर्स या हिरे कंपनीची. हिरा असेल कायमचा. भाव कायमचा असतो असं जाहिरात लिहिणारी बाईसुद्धा म्हणाली नव्हती.

अंगठी तशीच घेऊन घरी आले. ती आता कपाटात आहे आणि सून क्लिनिकला तिच्या आजीचं साधं वेढणं घालून जाते.

आणि परवा नणंदेचा फोन. ‘वहिनी, अंगठी कुठून घेतलीत? काय दिसत होती! आम्हालाही तिथूनच घ्यायचीय.’ आता मात्र डोकं फिरलं. अहो, काय दिसत होती काय? जिच्या बोटात घालायची तिला आधी विचारा ना, तिला हिरा हवाय का, कसा हवाय! खड्यासकट वजन आणि निव्वळ सोन्याचं वजन बिलावर वेगवेगळं लिहून मागा. परत घेताना काय कापणार ते तोंडी ऐकू नका, कागदावर घ्या. आत्याबाई काय म्हणतील म्हणून दीड लाख घालता, आत्याबाई जेवून, आइस्क्रीम खाऊन घरी गेल्या, हिऱ्याचा रंग ई होता की के हे त्यांना बापजन्मी कळणार नाही! दहा रुपयांच्या कोथिंबिरीच्या जुडीसाठी भाजीवालीला पाच मिनिटं उभं करता, काडी काडी उलटून बघता, आणि तिथे कॉफीचा कप हातात आला की ‘हो हो, बरोबरच असेल’ म्हणून कार्ड पुढे करता!