टाकी चकचकीत करा सांगणारा तो मेसेज

माझ्या भाचीच्या टाकीत दहा निऑन टेट्रा मासे होते. पाच महिने सगळं सुरळीत चाललं होतं. मग चार दिवसांत त्यातले सहा गेले. काय केलंस विचारलं, तर तिने मोबाइल पुढे धरला: ‘रंगीत मासे का मरतात? हे पाच नियम पाळा.’ हाच मेसेज मलाही तिघांनी पाठवला होता. तेव्हा मी सोडून दिला, आता सोडणार नाही.

नियम पहिला: ‘दर आठवड्याला टाकी पूर्ण रिकामी करा. खडी आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली पांढरा होईपर्यंत धुवा.’

सगळा घात इथेच आहे. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया टाकतात, विष्ठा आणि उरलेलं खाणं कुजूनही अमोनियाच होतो. तो विषारी. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात. तेही विषारीच, त्याने माशाचं रक्त तपकिरी पडतं आणि प्राणवायू वाहून नेईनासं होतं. मग दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात, ते मासे बऱ्यापैकी सोसतात. हे जिवाणू पाण्यात फारसे नसतात, ते खडीला, काचेला आणि सर्वांत जास्त स्पंजला चिकटून राहतात. १९९८ साली संशोधक टिमोथी होव्हानेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोड्या पाण्याच्या टाक्यांमधल्या नायट्राइट संपवणाऱ्या जिवाणूंचा अभ्यास केला. वर्षानुवर्षं ज्या नायट्रोबॅक्टरचं नाव घेतलं जायचं तो त्यांना सापडलाच नाही, काम करत होते ते नायट्रोस्पायरासारखे जिवाणू. त्यांची वाढ संथ असते. नव्या टाकीत ती घडी बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. आणि हा मेसेज ती दर आठवड्याला नळाच्या, म्हणजे जिवाणू मारणाऱ्या क्लोरीनच्या, पाण्याखाली धरायला सांगतो!

मी पोचलो तेव्हा काच लखलखत होती, पाणी नितळ होतं आणि उरलेले चार मासे पृष्ठभागाशी तोंड लावून धापा टाकत होते. नळीत टाकीतलं पाणी घेऊन अमोनिया तपासायचे थेंब टाकले. पिवळं राहायला हवं होतं, ते गडद हिरवं झालं. नितळ पाण्यातलं विष डोळ्यांना दिसत नाही. पाण्याचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचं माप, ७ चा ८ झाला, तर त्याच अमोनियातला विषारी वाटा जवळपास दहापट होतो.

पाणी बदलायचं असतं, हे मान्य. पण आठवड्याला पाव हिस्सा, क्लोरीन काढून, टाकीइतकंच कोमट.

नियम दुसरा: ‘फायटर मासा हवेतून श्वास घेतो, त्याला बरणी पुरते.’ पहिलं अर्धं खरं आहे, त्याच्या डोक्यात त्यासाठी खास अवयव असतो. पण अमोनिया त्यालाही भाजतोच, आणि बरणीतलं पाणी रात्रीतून गार पडतं. त्याला २४ ते २८ अंश लागतात. थायलंडमधल्या त्याच्या मूळ जागा उथळ असतात, पण दूरवर पसरलेल्या. वीसेक लिटरची झाकणाची टाकी तरी द्या.

‘टाकी जेवढी, मासा तेवढाच वाढतो.’ वाढ खुंटते ती वाईट पाण्यामुळे आणि कोंडमाऱ्यामुळे. तो आजार आहे, सोय नव्हे.

‘माशाला तीन सेकंदांपलीकडचं आठवत नाही.’ भाचीचे ते चार निऑन झाकण उघडायच्या आधीच खाणं पडतं त्या कोपऱ्यात जमतात.

पाचवा नियम कमी खायला घालण्याचा. तो बरोबर आहे. दोन मिनिटांत संपेल एवढंच घाला.

माझ्या जुन्या टाकीतल्या स्पंजचा एक मळका तुकडा कापून मी तिच्या फिल्टरमध्ये बसवला. तिला सांगितलं, स्पंज तुंबला तर टाकीतूनच काढलेल्या पाण्यात दोनदा पिळायचा, बस. अमोनिया उतरेपर्यंत रोज पाव हिस्सा पाणी बदलत राहिलो. नवव्या दिवशी तिने नळीचा फोटो पाठवला. पाणी पिवळं होतं.