नवा मिक्सर घेणाऱ्यांस चार शब्द

घरात नवा मिक्सर आणण्याचे ठरले असेल, तर आपण सर्वप्रथम जुना भंगारवाल्याच्या स्वाधीन करावा. लग्नातल्या आहेरात आलेला आणि अजूनही कुरकुर न करता चालणारा मिक्सर नव्याच्या शेजारी ठेवला, तर नव्याला वाईट संगत लागण्याचा संभव असतो.

दुकानात गेल्यावर वस्तू उचलून तिचे वजन पाहण्याची खोड आवरावी. मोटारीचे वायंडिंग तांब्याच्या तारेचे आहे की अ‍ॅल्युमिनियमच्या, असे विचारणे तर अगदीच अशिष्टपणाचे. अ‍ॅल्युमिनियम स्वस्त आणि हलके असते. विजेला त्याचा रोध अधिक असल्यामुळे त्याच जाडीची तार अधिक तापते, आणि वड्यांसाठी भिजवलेली उडदाची डाळ वाटताना जो जळका वास येतो, त्याला खमंग म्हणण्याची सवय घरच्यांना लावली की तक्रारीचे कारणच उरत नाही. मोटारीवर ताण आला, तर आधी मोटार आणि भांडे जोडणारा वीस-तीस रुपयांचा कपलर तुटावा आणि मोटार वाचावी, अशी जुनी योजना होती. आमच्याकडे मोटार जळाली आणि कपलर मात्र कोराकरकरीत राहिला. तो आपण आठवण म्हणून जपावा.

आजीच्या पातेल्यावर जसे नाव आणि साल कोरलेले असते, तसे मिक्सरवर कोरून घेण्याचा मोह टाळावा. साल पुढे उगीच पुरावा होऊन बसते.

बिल मात्र अवश्य जपावे. मी ते प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून, देवघराच्या खणात, हमीपत्रासह ठेवले होते. हमी दोन वर्षांची होती. पंधराव्या महिन्यात पाकीट उघडले, तेव्हा उष्णतेने छपाई होणाऱ्या त्या गुळगुळीत कागदावर दुकानाच्या नावाची फिकट सावली तेवढी उरली होती आणि तारीख व रक्कम पार उडून गेली होती. दुरुस्ती केंद्रातल्या मुलाने तो कागद उजेडात धरला, उलटून पाहिला आणि अतिशय आदराने म्हणाला, “काका, हा कोरा आहे.” ज्या वस्तूची हमी तिच्या बिलापेक्षा जास्त टिकते, तिला टिकाऊ म्हणायला हरकत नसावी.

विजेच्या दिव्यांबाबतही मन मोठे ठेवावे. १९२४ साली जिनिव्हात बड्या दिवा-कंपन्यांनी एकत्र येऊन दिव्याचे आयुष्य १,००० तासांवर आणण्याचे ठरवले आणि जास्त काळ जळणारे दिवे काढणाऱ्यांना दंड लावला. निदान तेव्हा करार करण्याइतका संकोच होता. आज एलईडीच्या खोक्यावर २५,००० तास छापलेले असतात, म्हणजे रोजचे पाच तास धरले तरी तेरा वर्षांहून अधिक. हा हिशेब मुलांपुढे करू नये. दिव्यातला उजेड देणारा डायोड बहुधा शाबूत असतो. बंद झुंबरात उकडून मरतो तो ड्रायव्हरमधला, म्हणजे डायोडला वीज पुरवणाऱ्या भागातला, इवलासा कपॅसिटर, आणि तो बदलता येऊ नये म्हणून टोपण चिकटवलेले असते.

केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केले आहे. ते उघडण्याचा उतावीळपणा करू नये. तेवढ्यात दसऱ्याची सवलत संपून जायची.

आणि आमच्यासारखा आपलाही जुना मिक्सर भंगारात द्यायचा राहून गेला असेल, आणि सध्या चटणी त्यातच वाटली जात असेल, तर पाहुणे येण्यापूर्वी त्यावर टॉवेल टाकावा.