१० पैकी ७

परदेशात शिकून आलेल्या माणसाला आमच्या लातूरकडं पहिला प्रश्न पगाराचा येतो आणि दुसरा, ‘मग परत कशाला आलीस?’ बारावीचे, इंजिनिअरिंगचे निकाल लागले की ओळखीतले आईबाप फोन करतात. लेकराला बाहेर पाठवावं म्हणतोय, पैसे वसूल होतील का? वसुलीचं मला विचारू नका, असं मी त्यांना सांगते. शिष्यवृत्ती मिळाली म्हणून २०१५-१६ चं वर्ष मी नेदरलँड्समधल्या वाखेनिंगन विद्यापीठात पाणी व्यवस्थापन शिकले. तिथून जे घेऊन आले त्यातलं निम्मंअधिक बायोडेटात लिहिताच येत नाही.

मी लातूर पॅटर्नची पोर. पहाटे उठून अभ्यासिका, ट्यूशन एरियात दिवस, रविवारी पेपर. एका मार्कानं रँक किती खाली जाते ते झोपेतही सांगितलं असतं. तिकडं पहिल्याच पेपरात १० पैकी ७ पडले. सत्तर टक्के! आता घरी काय सांगायचं, या काळजीनं रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सकाळी स्वयंपाकघरात गेले तर शेजारच्या खोलीतली डच पोरगी साडेसहा मिळाले म्हणून सगळ्यांना केक वाटत होती. तिथं साडेपाचला पास. आठ म्हणजे कौतुक, आणि नऊ-दहा तर मास्तर सहसा देतच नाहीत.

मला वाटलं, आळशी आहेत ही पोरं. पण हीच पोरगी सुट्टीत एका गोठ्यावर कामाला जायची आणि मूठभर माती चोळून पाणी कसं धरेल ते सांगायची. मी कृषीची पदवीधर, शेतकऱ्याची मुलगी, आणि मातीचे प्रकार मला तक्त्यातले पाठ!

लातूर पॅटर्नला नावं ठेवायची नाहीत मला. कोरडवाहू रानातली पोरगी तिथवर पोचली ती त्याच्याच जिवावर. पण परीक्षेत न येणारा प्रश्न घेऊन आठवडाभर बसायची चैन मला पहिल्यांदा तिकडं मिळाली. सगळे प्राध्यापकांना नावानं हाक मारायचे. माझ्या तोंडून शेवटपर्यंत ‘सर’च निघालं. कालव्याच्या शेपटाच्या शेतकऱ्याला पाणी का मिळत नाही, असं मी त्यांना विचारलं, तर त्यांनी तिथल्या पाणी मंडळांचा इतिहास वाचायला लावला. तेराव्या शतकापासून चालत आलेली ही मंडळं. ज्याचा पाण्याशी संबंध, त्यानं पट्टी भरायची आणि त्यालाच मत. आजही दर चार वर्षांनी निवडणूक होते. आमच्याकडच्या पाणीवापर संस्थेची सभा आठवून मला हसूच आलं. तिथं सह्या घरपोच गोळा होतात.

स्वयंपाकघर सगळ्यांचं एकच होतं. डच मंडळी दुपारी पावावर चॉकलेटचा चुरा पसरून खायची, आणि जेवायला बोलवायचं तर डायरी काढून पुढच्या महिन्यातली तारीख द्यायची. आमच्याकडं रस्त्यानं जाणाऱ्याला हात धरून ताटावर बसवतात! माझी संगत जमली ती एका इथिओपियन पोरीशी. विजेच्या शेगडीवर भाकरी फुगता फुगत नव्हती. ती वाकून बघत म्हणाली, हे तर आमच्या आजीच्या शेतातलं. जवारी मूळची आफ्रिकेची, हे परीक्षेत लिहून मी मार्क घेतले होते, पटलं तेव्हा. मग तिची कॉफी, माझा ठेचा. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असायचा, तेव्हा सायकली काढून ऱ्हाईनच्या काठी जायचो, छोट्या फेरीतून पलीकडं उतरायचो आणि वाऱ्याला शिव्या देत परत यायचो.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली. पहिल्या खेपेला १० वाघिणी, ५ लाख लिटर. मांजरा धरण कोरडं, शहरात पाणी भरायच्या जागी जमावबंदी. त्याच दिवसांत वर्गात शिकवत होते, समुद्रसपाटीखालचा पाव देश पंप लावून कोरडा कसा ठेवतात ते. अण्णांना फोनवर हे सांगितलं. ते म्हणाले, “मग थोडं हिकडं लावून दे म्हन की त्यास्नी.”

वर्गात रेल्वेचे फोटो दाखवले. वाटलं होतं, आता कीव करतील. कुणी केली नाही, प्रश्नांचा मात्र भडिमार झाला. रेल्वेचा खर्च कुणाचा? शहराला किती, शेताला किती? इथिओपियन मैत्रिणीनं विचारलं, तुमच्याकडं ऊस किती? हा प्रश्न आमच्याकडं चारचौघांत काढला की माणसं चहा तसाच ठेवून उठतात. त्या दिवशी आम्ही संध्याकाळपर्यंत भांडलो. शिकण्याचा इतका आनंद मला त्याआधी कधी झाला नव्हता.

म्हणून आईबापांना माझं सांगणं एवढंच, की वर्षभर लेकराला मार्क विचारू नका, पॅकेज तर नकोच. काय खाल्लं, कुणाशी भांडलास, ते विचारा. कर्ज काढून जाणाऱ्याला हे परवडत नाही, हे मला कळतं. माझी फी शिष्यवृत्तीनं भरली म्हणून मी हे ऐटीत बोलू शकते.

आणि ऑगस्टात निघणाऱ्या पोरांनो, सायकल तिथं गेल्यावर जुनीच घ्या, कुलूप मात्र भारीतलं. जवारीचं पीठ थोडंच न्या. जुनं झालं की त्याची विरी जाते, मग भाकरी थापता थापता चिरते आणि आईला व्हिडिओ कॉल लावायची वेळ येते.