‘चार कोंबड्या सोडा, बाराशे अंडी मिळवा’: या मेसेजवर विसंबून कोंबड्या आणू नका

सध्या व्हॉट्सअॅपवर एक मेसेज गटागटांतून फिरतोय. नातेवाइकांच्या गटात येतो, शाळासोबत्यांच्या गटात येतो, सोसायटीच्याही येतो. त्यातला मजकूर थोडक्यात असा: ‘घरामागे चार कोंबड्या आणि एक कोंबडा सोडा. कोंबडा नसला तर अंडी मिळत नाहीत. खरकट्यावर जगतात, खर्च शून्य. वर्षाला बाराशे अंडी. गावरान कोंबडीला रोग होत नाही, हळदीचं पाणी पुरे. साप-विंचू घराकडे फिरकत नाहीत. लहान मुलांना बाजारातलं रंगीत पिल्लू आणून द्या, जीव रमेल. कोंबडी मठ्ठ असते, तिचा लळा लागत नाही, त्यामुळे अंडी बंद झाली की कापायला जड जात नाही.’

मी घरी कोंबड्या पाळते, आणि आणखी लोकांनी पाळाव्यात असं मला मनापासून वाटतं. म्हणूनच हा मेसेज मला सहन होत नाही. तो वाचून हौसेनं कोंबड्या आणणारे लोक दोन-तीन महिन्यांत ‘कुणाला हव्यात का?’ म्हणून विचारत फिरतात. तोवर एखादी मेलेली असते, एखादी मुंगसानं नेलेली असते.

आधी कोंबड्याचं. अंडं देण्यासाठी कोंबडा लागत नाही. तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी, वयात आली, पुरेसा उजेड आणि खाणं मिळालं की तिच्या पोटात अंडं तयार होतं. त्याला साधारण २४ ते २६ तास लागतात आणि त्यातले वीसेक तास नुसतं कवच चढण्यात जातात. कोंबडा असेल तर ते फळतं, नसेल तर फळत नाही, एवढाच फरक. पिल्लं नको असतील तर वस्तीत कोंबडा आणूच नका. तो पहाटे तीन-चारलाही बांग देतो आणि शेजाऱ्यांशी पहिलं भांडण त्याच्यावरूनच होतं.

आता बाराशे अंडी. म्हणजे एका कोंबडीमागे वर्षाला तीनशे. हा आकडा व्हाइट लेगहॉर्नच्या जातकुळीतल्या, खास अंड्यांसाठी निवड करत आणलेल्या लेअर कोंबडीचा आहे, तोही फार्मवरचा, मोजून दिलेल्या खाद्यावर आणि दिव्याच्या उजेडात. मेसेजमध्ये फोटो मात्र गावरान कोंबडीचा आहे. गावरान कोंबडी वर्षाला साठ-ऐंशी अंडी देते. बारा-पंधरा अंडी घातली की ती खुडूक बसते. उबवणीचे २१ दिवस, पुढे पिल्लं सांभाळण्याचे दीड-दोन महिने, एवढ्या काळात तिचं अंडं बंद. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयानं परसातल्या पालनासाठी तयार केलेली वनराजा शंभर-सव्वाशेच्या आसपास जाते, ग्रामप्रिया त्याहून बरीच जास्त देते. तीनशेला परसात यातली कुठलीच पोचत नाही.

शिवाय कोंबडी बारा महिने सारखी अंडी देत नाही. भरपूर अंड्यांसाठी तिला रोज १४ ते १६ तास उजेड लागतो. डिसेंबरात आपल्याकडे दिवस अकरा तासांवर येतो, अंडी कमी होतात. वर्षातून एकदा पिसं झडतात. जुनी गळून नवी येईपर्यंत सगळी ताकद तिकडे जाते आणि अंडी जवळपास थांबतात. पहिल्यांदा पाळणारा घाबरतो, कारण तेव्हा कोंबडी खरोखर आजाऱ्यासारखी दिसते: मान उघडी, शेपूट नाही, अंगावर काट्यांसारखे नव्या पिसांचे कोंब. त्या कोंबांत रक्त असतं आणि हात लावला की दुखतं. त्या दिवसांत तिला उचलू नये, थोडं जास्त प्रथिनांचं खाणं द्यावं, एवढंच.

‘खरकट्यावर जगतात, खर्च शून्य’ हे सगळ्यात घातक वाक्य आहे. अंडी देणाऱ्या कोंबडीला दिवसाला १००-१२० ग्रॅम खाद्य लागतं. चार कोंबड्यांचं महिन्याला तेरा किलो झालं. अंगणात किडे, गवत, सांडलेलं धान्य मिळतं, त्यानं भार थोडा हलका होतो. पण चार माणसांच्या घरातलं उरलेलं म्हणजे भात, पोळीचे तुकडे, भाजीची देठं. त्यात पोट भरतं, गरज भागत नाही. एका अंड्याच्या कवचात दोन ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. ते खाण्यातून मिळालं नाही तर कोंबडी स्वतःच्या हाडांतून काढते. आधी पातळ कवचाची, मग कवचच नसलेली लिबलिबीत अंडी येतात, आणि एक दिवस ती पायावर उभी राहात नाही. लोक म्हणतात, अचानक लुळी पडली. अचानक नसतं ते, महिनोन् महिने चाललेलं असतं. म्हणून लेअरचं तयार खाद्य आणि वेगळ्या वाडग्यात शिंपल्यांचा चुरा ठेवायचा. अंड्यांची टरफलं भाजून, बारीक करून दिली तरी चालतात.

पावसाळ्यात खाद्याचं पोतं घेताना सांभाळा. ५० किलोचं पोतं स्वस्त पडतं, पण चार कोंबड्यांना ते साडेतीन महिन्यांहून जास्त पुरतं, आणि तेवढ्यात कोकणातच काय, घाटावरही बुरशी धरते. मका आणि शेंगदाण्याच्या पेंडीवरच्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. ते यकृतावर जातं. बुरसटलेली भाकरी ‘टाकण्यापेक्षा कोंबड्यांना घाला’ म्हणणाऱ्यांनी हे ऐकावं. न शिजलेला राजमा, चॉकलेट, अॅव्होकाडो, खारट फरसाण, लोणचं यांतलंही काही घालू नये. ब्रिटनमध्ये तर घरात मांस-मासेच काय, दूध-अंडी असं प्राण्यांपासून मिळालेलं काहीही वापरत असाल तर स्वयंपाकघरातलं काहीही कोंबड्यांना घालणं कायद्यानंच बंद आहे, त्यामुळे हा मेसेज तिकडच्या नातेवाइकांना पाठवताना विचार करा.

खाण्याइतकाच पाण्याचा आणि उन्हाचा विचार हवा. कोंबडीला घाम येत नाही. विदर्भ-मराठवाड्यात पारा ४२च्या वर जातो तेव्हा ती चोच उघडी टाकून धापा टाकते, पंख अंगापासून लांब धरते. ही खूण दिसली की सावली, ओली जमीन आणि गार पाण्याचं भांडं लगेच. पत्र्याचं खुराडं उन्हात ठेवून कामावर गेलेल्यांच्या कोंबड्या संध्याकाळी मेलेल्या सापडतात.

‘गावरानला रोग होत नाही.’ होतो. खेड्यात ज्याला मानमोडी म्हणतात तो राणीखेत रोग गावरान कोंबडीलाही होतो. १९२०च्या दशकात आताच्या उत्तराखंडातल्या राणीखेतला त्याची नोंद झाली, म्हणून आपल्याकडे हे नाव पडलं. हिरवट हगवण, श्वासाला घरघर, पंख-पाय लुळे, आणि मान पिळल्यासारखी वाकडी होते. लस नसलेल्या कळपात शिरला तर चार-पाच दिवसांत अंगण रिकामं करतो. त्यावर औषध नाही. हळद नाही, लसूण नाही, मेडिकलमधून आणलेलं अँटिबायोटिकही नाही, कारण हा विषाणू आहे. उपाय एकच, आधी लस. पिल्लाला पहिल्या आठवड्यात लासोटा किंवा एफ-वन डोळ्यात-नाकात थेंबानं, आणि दोन महिन्यांच्या सुमारास आर-टू-बी टोचून. कोंबड्यांना होणाऱ्या देवी रोगाची लस वेगळी.

चार कोंबड्यांच्या मालकाची अडचण इथे खरी असते आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. लसीच्या एका बाटलीत शंभर किंवा त्याहून जास्त डोस असतात. बाटली फोडून लस कालवली की ती तास-दोन तासांतच वापरावी लागते, आणि तोवर बर्फात ठेवावी लागते. चार कोंबड्यांसाठी कोण बाटली फोडणार? यावर आमच्या भागात निघालेला मार्ग साधा आहे. आसपासच्या दहा-बारा घरांनी एकच दिवस ठरवायचा, पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी सांगून ठेवायचं आणि संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात शिरल्या की घरोघरी जाऊन सगळ्यांना एकदम लस द्यायची. पुण्यात औंधला पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्था ही राज्य सरकारची लस बनवणारी संस्था आहे. सरकारी दवाखान्यांशी बोलायला संकोच करू नका.

बर्ड फ्लूचंही स्पष्ट सांगते. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला मोठा उद्रेक झाला, जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यात मुरुंब्याला झाला. अशा वेळी बाधित जागेभोवतीच्या ठरावीक परिघातले सगळे पाळीव पक्षी मारले जातात. त्यात लाडकी कोंबडी आणि फार्मची कोंबडी असा भेद होत नाही. तेव्हा खाद्य-पाणी उघड्यावर ठेवू नका, कावळे-बगळे त्यात तोंड घालणार नाहीत असं बघा, आणि एकाएकी दोन-तीन कोंबड्या मेल्या तर गुपचूप पुरून टाकू नका, दवाखान्यात कळवा. रोजच्या रोज करायचं म्हणजे कोंबडीला हात लावल्यावर साबणानं हात धुणं. माणसाचं पोट बिघडवणारा साल्मोनेला हा जंतू निरोगी दिसणाऱ्या कोंबडीतही असू शकतो.

साप-विंचवांच्या मुद्द्यात तथ्य आहे, पण अर्धंच. कोंबडी गोम, झुरळ, वाळवी, लहानसा विंचू टिपते. मात्र सांडलेल्या खाद्यावर उंदीर-घुशी येतात, त्यांच्या मागे धामण आणि नाग येतात. अंडी-पिल्लं सापाला आयतीच मिळतात. रात्री खाद्याचं भांडं उचलून ठेवा आणि खुराड्याला बारीक छिद्रांची लोखंडी जाळी लावा. मोठ्या छिद्रांच्या जाळीतून मुंगूस सहज आत येतं.

गडद बलक म्हणजे जास्त ताकद, अशी एक ओळ मेसेजच्या काही प्रतींत जोडलेली असते. बलकाचा रंग मका, हिरवा पाला, झेंडूच्या पाकळ्या यांतल्या रंगद्रव्यातून येतो. कवचाचा रंग जातीवर ठरतो. बलक गडद असो की फिका, कवच पांढरं असो की तपकिरी, प्रथिनं सारखीच.

आता ‘मठ्ठ’. हा शब्द ज्यानं लिहिला त्यानं कोंबड्यांजवळ तासभर बसून पाहिलेलं नाही. आकाशात घार दिसली की माझ्या कळपातली सगळ्यांत म्हातारी कोंबडी बारीक, लांबट आवाज काढते. त्याबरोबर बाकीच्या जागच्या जागी थिजतात किंवा जास्वंदीखाली घुसतात, आणि मान तिरकी करून एका डोळ्यानं वर बघत राहतात. तीच कोंबडी कुंपणात मांजर दिसलं तर मान ताठ करून ‘कॅक-कॅक-कटाक’ असा तुटक, मोठा ओरडा करते, आणि बाकीच्या उंच जागा शोधतात. वरचं संकट आणि जमिनीवरचं संकट यांच्यासाठी दोन वेगळ्या हाका आहेत, आणि ऐकणाऱ्यांना त्यांचा अर्थ कळतो. अभ्यासकांनीही प्रयोग करून हे तपासलेलं आहे.

टोचण्याची उतरंड, म्हणजे कोण कुणाला टोचू शकते याचा क्रम, नॉर्वेच्या थॉरलीफ शेल्डरुप-एब्ब यांनी शंभर वर्षांपूर्वी कोंबड्यांवरूनच मांडला. तो क्रम लक्षात ठेवायचा तर प्रत्येकीला दुसरीचा चेहरा ओळखता यायला हवा, आणि त्यांना तो येतो. २००९ मध्ये इटलीत रोसा रुगानी, जॉर्जो वॅलोर्टिगारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन-चार दिवसांच्या पिल्लांसमोर छोटे गोळे एकेक करून दोन पडद्यांमागे लपवले, मग काही इकडचे तिकडे केले. पिल्लं बहुतेकदा जास्त गोळे असलेल्या पडद्याकडे गेली. अंड्यातून बाहेर पडून आठवडाही झालेला नसताना त्यांना बेरीज-वजाबाकीचा अंदाज होता.

आणि लळा? माझी पावलं ओळखून धावत येतात, पायरीवर बसले की एक मांडीवर येऊन डोळे मिटते. दुपारी राखेच्या खड्ड्यात आडव्या पडून पंखांत राख उडवून घेतात, तेव्हा त्यांच्या तोंडावरचं समाधान कुणालाही दिसेल. ही राखेची आंघोळ चैन नाही, उवा-पिसवांवरचा त्यांचा उपाय आहे. तिच्यासाठी जागा ठेवावीच लागते.

म्हणूनच रंगीत पिल्लाची ओळ वाचून मला राग येतो. आठवडी बाजारात गुलाबी-हिरवी रंगवून विकतात ती बहुतेक लेअर हॅचरीतली, म्हणजे लेअर कोंबड्यांची अंडी उबवणाऱ्या केंद्रातली, नर पिल्लं असतात. अंडी देणार नाहीत म्हणून तिथे नकोशी झालेली. पहिल्या आठवड्यात पिल्लाला सुमारे ३५ अंश ऊब लागते, पुढे दर आठवड्याला ती थोडी कमी करत न्यायची असते. आईचे पंख नाहीत, पिवळा दिवा नाही, सोबतीला दुसरं पिल्लू नाही, अशा अवस्थेत ते खोक्यात रात्रभर चिवचिवतं. मुलांना वाटतं गातंय. ते गारठलेलं असतं आणि हाका मारत असतं. बहुतेक दोन-चार दिवसांतच मरतात. मुलांना कोंबडीची माया लावायची तर ही वाट नाही. एकटं पिल्लू नको, एकटी कोंबडीही नको. किमान तीन हव्यात.

राहिली शेवटची ओळ, अंडी बंद झाली की कापायची. फार्मवर लेअर कोंबडी ७२ ते ८० आठवड्यांत काढून टाकतात, कारण त्यांचा हिशेब अंड्यांचा आहे. घरची कोंबडी नीट सांभाळली तर सहा-आठ वर्षं जगते आणि भरपूर अंडी त्यातली पहिली दोनच वर्षं देते. कुणी काय खावं हे मी सांगत नाही. पण पाळीव म्हणून, नाव ठेवून आणलेल्या जिवाबद्दल हा प्रश्न आणण्याआधी घरात बोलून घ्या: तिसऱ्या वर्षापासून पुढची चार-पाच वर्षं अंडी अगदी कमी मिळाली तरी खाद्य घालणार का? उत्तर ‘हो’ असेल तरच आणा. नसेल तर बाजारातली अंडी स्वस्त पडतील.

आणायच्या ठरल्या तर पिल्लं नकोत, चार-पाच महिन्यांच्या तलंगा घ्या. आधी सोसायटी, ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेला परवानगीबद्दल विचारा, कोंबड्या बघणारा पशुवैद्य शोधून ठेवा आणि खुराडं बांधून घ्या. आत एकीला चार चौरस फूट, बाहेर दहा, बसायला आडवी काठी, तळाला भाताचं तूस. विकणाऱ्याला राणीखेतची लस कधी कधी दिली ते विचारा. त्याला सांगता आलं नाही तर तिथून घेऊ नका.